रिकाम्या जुन्या इमारतीला नवे काम देताना

मुंबईत रीगल सिनेमासमोरच्या चौकात एक दगडी इमारत आहे, जिच्या दर्शनी माथ्यावर समुद्रदेव नेपच्यून कोरलेला आहे आणि जिच्या दारात पोलिसांचा पहारा असतो. बोटीवरून उतरणाऱ्या खलाशांना राहायला जागा हवी म्हणून ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ या नावाने ती १८७६ मध्ये बांधून पूर्ण झाली. पुढे बोरीबंदरचे स्टेशन आणि महापालिकेची इमारत ज्यांनी उभारली, त्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचेच हे काम. १९२८ पासून इथे मुंबई इलाख्याचे कायदेमंडळ भरू लागले. नरिमन पॉइंटला नवे विधानभवन झाल्यानंतर, १९८२ मध्ये, राज्याच्या पोलीस महासंचालकांचे कार्यालय इथे आले. खलाशी, आमदार आणि पोलीस यांच्यात साम्य शोधू गेल्यास फारसे सापडणार नाही. पण तिघांनाही ओळीने खोल्या, त्यांच्यापुढे सावलीचे व्हरांडे आणि रुंद जिने चालत होते. त्यामुळे माणसे बदलली, फायली आल्या, आणि नेपच्यूनला जागचे हलवावे लागले नाही.

मूळ काम संपलेल्या ऐतिहासिक इमारतीची दुरुस्ती करून तिला आजच्या काळात टिकेल असे दुसरे काम देणे, हा या लेखाचा विषय आहे. मुंबईत त्याची चर्चा बहुतेक वेळा कमानी, शिल्पे आणि आठवणी यांच्याभोवती फिरते. प्रत्यक्षात इमारत वाचणार की नाही हे दोन रुक्ष प्रश्नांवर ठरते: तिच्या भिंती आणि तक्तपोशी, म्हणजे मजल्यांची लाकडी जमीन, नवा वापर पेलू शकतात का, आणि पुढची तीस-चाळीस वर्षे तिच्या देखभालीचा खर्च कोण करणार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अभियंता देऊ शकतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा कोणीच देत नाही, आणि इमारती सहसा तिथेच मरतात.

इमारत रिकामी का पडते

सर्वांत उघड कारण म्हणजे काम निघून जाणे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला स्थापन केलेल्या कंपनीपासून मुंबईत कापडगिरण्यांचे युग सुरू झाले आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते ओसरत गेले. गिरणगावातल्या शेकडो एकरांवरचे कारखाने काही वर्षांत निरुपयोगी ठरले. इमारतींत बिघाड नव्हता. त्यांच्यातला धंदा उठला होता.

दुसरे कारण अधिक मुंबईचे आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ द्यायचे नाही, हा हेतू योग्यच होता. मात्र ती तात्पुरती मलमपट्टी अर्धशतक तशीच राहिली. १९९९ चा कायदा दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा देतो, परंतु मूळ आकडा लहान असल्याने तिने काही साधत नाही. महिना ५० रुपये भाडे असलेल्या खोलीचे भाडे ४ टक्क्यांच्या चक्रवाढीने २५ वर्षांत सुमारे १३३ रुपये होते, आणि तेवढ्यात गच्चीच्या गळतीवर डांबराचा एक हातही फिरत नाही. पागडीच्या जागेत भाडेकरू निम्मा मालक असल्यासारखा असतो, मालक नावापुरता असतो, आणि दुरुस्तीचा विषय निघाला की दोघेही तिसऱ्याकडे, म्हणजे म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे, बोट दाखवतात. यात एकट्या मालकाला किंवा एकट्या भाडेकरूला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. दोघांनीही आपापल्या परीने हिशेबीपणानेच वागून इमारत खचू दिलेली असते.

काळा घोड्याजवळचे एस्प्लनेड मॅन्शन हे याचे ठळक उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये ओतलेल्या लोखंडी सांगाड्याचे भाग जहाजाने आणून १८६० च्या दशकात उभारलेले हे वॉटसन्स हॉटेल. लुमिएर बंधूंचे चलच्चित्र भारतात पहिल्यांदा ७ जुलै १८९६ रोजी इथेच दाखवले गेले. हॉटेल बंद पडल्यावर त्याचे तुकडे करून खोल्या भाड्याने दिल्या गेल्या आणि समोरच न्यायालये असल्याने वकिलांनी तिथे कचेऱ्या थाटल्या. म्हणजे इमारतीला नवा वापर मिळाला होता, आणि तो परिसराला साजेसाही होता. तरीही २००५ मध्ये तिच्या सज्जाचा भाग कोसळून एक माणूस दगावला, २००६ मध्ये ती जगातील धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत गेली आणि २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. त्यानंतरच्या वादात तज्ज्ञांच्या एका तपासणीचा निष्कर्ष पाडण्याकडे झुकला आणि दुसरीचा दुरुस्ती शक्य असल्याकडे. माणसे आत होती, व्यवहार सुरू होते, पण त्या व्यवहारातून इमारतीकडे पैसा परत येण्याची वाटच नव्हती. नुसता वापर असून भागत नाही, हे या इमारतीकडे पाहिले की कळते.

तक्तपोशी किती वजन घेईल

नवा वापर सुचवणारा माणूस बहुधा दर्शनी भाग पाहून बोलतो. अभियंत्याला मात्र जमिनीकडे पाहावे लागते. इमारतींवरील भारासंबंधीचे भारतीय मानक, आयएस ८७५, त्याच्या दुसऱ्या भागात सांगते की राहत्या घराच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, भार धरावा. पक्क्या खुर्च्या नसलेल्या सभागृहासाठी हाच आकडा ५ किलोन्यूटन आहे आणि पुस्तकांच्या मांडण्या असलेल्या दालनासाठी तो ६ पासून पुढे चढतो. म्हणून जुन्या बंगल्याचे वाचनालय करू, हा सर्वांना आवडणारा प्रस्ताव तक्तपोशीच्या दृष्टीने जवळजवळ सर्वांत जड असतो. पुस्तके तळमजल्यावर आणि वाचनाच्या खोल्या वर, एवढ्या साध्या अदलाबदलीने कधीकधी लाखो रुपयांचे मजबुतीकरण वाचते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईतील पुष्कळ इमारतींची बांधणी अशी असते: जाड दगडी किंवा विटांच्या भिंती, त्यांच्यात टेकवलेल्या सागवानी तुळया, त्यांवर कड्या (बारीक आडवी लाकडे), फळ्या आणि चुन्याचा कोबा. अशा इमारतीत तुळईचा मधला भाग बहुतेक वेळा ठणठणीत असतो. रोग असतो तो टोकाला, भिंतीच्या आत, जिथे कोणाची नजर पोहोचत नाही. बाहेरून पन्हळ फुटलेली असते किंवा पावसाच्या पाण्याचा उभा नळ सांध्यात गळत असतो, भिंत ओलीच राहते, आणि त्या ओलीत तुळईचे हातभर टोक कुजते. जाणता सुतार आधी हातोडीने तुळई ठोकत जातो. कोरड्या लाकडाचा टणक आवाज भिंतीजवळ येता येता बसका झाला, की तो तिथला गिलावा हलकेच काढतो आणि टोकात टोच्या खुपसून पाहतो. टोच्या बोटभर आत गेला तर तेवढा तुकडा कापून, नवे सागवान खाचेत बसवून आणि पोलादी पट्ट्यांनी जखडून तुळई वाचवता येते. हे न पाहता अहवालात ‘लाकडी संरचना जीर्ण’ असे लिहिले गेले, की संपूर्ण मजला पाडण्याचा रस्ता मोकळा होतो. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते, आणि त्या तपासणीतून ‘सी-१’ हा शेरा पडला की इमारत रिकामी करून पाडण्याची कारवाई सुरू होते. त्यामुळे तपासणाऱ्याने टोच्या कुठे खुपसला आणि कुठे खुपसलाच नाही, हे विचारण्याचा रहिवाशांना पूर्ण हक्क असला पाहिजे.

पुढच्या काळातील इमारतींत लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामध्ये विटांच्या उथळ कमानी असतात. गंजलेले लोखंड मूळ आकारापेक्षा फुगते आणि भोवतालची वीट किंवा दगड फोडून बाहेर येते. पाणी थांबवल्याशिवाय अशा ठिकाणी केलेला प्रत्येक रंग आणि प्रत्येक लेप म्हणजे पुढच्या दुरुस्तीची तारीख पुढे ढकलणे असते.

चुना आणि सिमेंट यांचे भांडण

मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. चुन्यात बांधलेली भिंत हे पाणी थोडे शोषते आणि ऑक्टोबरपासून ते हळूहळू बाहेर सोडते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की बाहेर सोडण्याचे दार बंद होते. पाणी गच्चीतून किंवा जोत्यातून आत येतच राहते, ते क्षार घेऊन हिंडते, आणि जिथे वाट मिळेल तिथे पांढरा लोणा फुटतो. मालाडच्या पिवळसर दगडाचे किंवा पोरबंदरी दगडाचे कोरीव काम असेल, तर सांधे सिमेंटने भरल्यावर ओल सांध्याऐवजी दगडातून बाहेर पडू लागते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. सांधा हा पुन्हा भरता येण्याजोगा आणि दगडापेक्षा मऊ असायला हवा, हा जुन्या गवंड्यांचा नियम होता; सिमेंटने तो उलटा केला. मालाडच्या खाणींच्या जागी आता इमारती आहेत, त्यामुळे गेलेला दगड तसाच परत मिळवणेही सोपे राहिलेले नाही.

म्हणून संवर्धनाच्या कामात पहिले काही महिने पुष्कळदा काढण्यातच जातात: सिमेंटचा गिलावा, ऑइल पेंटचे थर, भिंतीवर उगवलेला पिंपळ. मग चुना येतो. कळीचा चुना पाण्यात विरवून तो लोण्यासारखा होईपर्यंत आठवडेच्या आठवडे मुरवत ठेवायचा, चुना दळायच्या घाण्यात वाळू किंवा विटेची सुरखी घालून दळायचा, त्यात परंपरेने गूळ, हिरडा किंवा बेलफळाचा गर मिसळायचा आणि पातळ थरांनी लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. बाहेरच्या बाजूचे काम पावसाळ्यात करता येत नाही, म्हणजे वर्षातले सात-आठ महिनेच हातात असतात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते म्हणून कामही तेव्हाच संपवू पाहणाऱ्या सरकारी निविदेत हे वेळापत्रक बसत नाही, आणि त्याचा परिणाम पुढच्या पावसाळ्यात भिंतीवर दिसतो.

इमारतीच्या मापाचे काम

गिरणीच्या विणकामाच्या शेडला करवतीच्या दात्यांसारखे छप्पर असते आणि त्याच्या उत्तरेकडच्या काचांमधून दिवसभर सारखा, उन्हाच्या तिरिपेशिवाय उजेड येतो. मागावरचा धागा दिसावा म्हणून केलेली ही सोय चित्रशाळेला, कार्यशाळेला किंवा प्रदर्शनाला आयती मिळते. जमिनीलगत असल्याने वजनाची चिंता नसते, आणि ओतीव लोखंडी खांबांमुळे मधे भिंती नसतात. बॅलार्ड इस्टेटमधल्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात २०२२ पासून कलाप्रदर्शने भरू लागली, तीही याच न्यायाने: उंच, मोकळी, रांगडी जागा, जिला फार सजवावे लागत नाही.

सर कावसजी जहांगीर हॉलची गोष्ट अधिक वादाची आहे. जॉर्ज विटेट यांनी रचलेला हा १९११ चा हॉल मैफली आणि सभांसाठी होता. पुढे तो मागे पडला आणि १९९६ मध्ये तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. बाहेरचा दगडी कोश तसाच ठेवून आत नव्या मजल्यांची अर्धवर्तुळाकार दालने चढवण्यात आली. इमारत वाचली, तिला सरकारी खर्चाने चालणारा कायमचा रहिवासी मिळाला, आणि चित्रे पाहत वर चढत जाण्यात गंमतही आहे. मात्र ज्या एका अखंड पोकळीसाठी हा हॉल बांधला होता, ती पोकळी आता नाही. मला हा सौदा त्या वेळच्या पर्यायांत बरा वाटतो, परंतु याच नियमाने उद्या प्रत्येक इमारतीचा चेहरा ठेवून मागे टॉवर उभारणे म्हणजे संवर्धन, असे कोणी म्हणू लागले तर ते मान्य करता येणार नाही.

कधीकधी सर्वांत योग्य नवा वापर म्हणजे जुनाच वापर असतो. चर्नी रोडजवळचे रॉयल ऑपेरा हाऊस नाटकांकडून सिनेमाकडे गेले, १९९३ मध्ये बंद पडले आणि दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये पुन्हा रंगमंचासाठी उघडले.

नवे काम देताना जिन्यांचा विचार मागे पडतो, आणि तो सर्वांत धोकादायक विसर आहे. जुन्या इमारतीत साठ कारकुनांसाठी असलेल्या एका लाकडी जिन्यावर उद्या रात्री तीनशे पाहुणे चढणार असतील, तर दुसरी वाट, अग्निरोधक दरवाजे आणि पाण्याची सोय आधी हवी. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जणांचा जीव गेला. गच्चीवर बांबू आणि ताडपत्री घालून चालवलेला व्यवसाय होता तो. जुन्या गिरणीच्या जागेचा नवा वापर म्हणून त्या परिसराचे कौतुक करणाऱ्यांनी तेव्हा बाहेर पडण्याच्या वाटा मोजल्या नव्हत्या.

नियम आणि पैसा

मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५ मध्ये आली. तिच्यात इमारतींच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत, जिथे बोरीबंदरचे स्टेशन मोडते, आतबाहेर जवळजवळ काही बदलू नये अशी अपेक्षा असते. दुसऱ्या श्रेणीत अंतर्गत बदल आणि नवा वापर साधारणपणे चालतो. तिसऱ्या श्रेणीत परिसराचे रूप सांभाळून बरीच मोकळीक मिळते. देखभाल करण्याच्या अटीवर राहत्या वारसा इमारतीत कचेरी किंवा हॉटेल काढू देण्याची तरतूदही नियमांत आहे. शिवाय श्रेणीमुळे वापरता न आलेले चटईक्षेत्र, म्हणजे बांधता येण्याजोगे क्षेत्रफळ, मालक विकासहक्काच्या रूपाने, म्हणजे टीडीआर म्हणून, दुसरीकडे विकू शकतो. कल्पना चांगली आहे. तिच्यातली उणीव अशी की हक्क विकून आलेली रक्कम एकदाच येते, तर छप्पर दरवर्षी गळते.

गिरण्यांच्या बाबतीत तर नियमानेच गणित फिरले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीची जमीन मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे आणि मालक यांच्यात ढोबळमानाने तिघांत वाटायची होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. लोअर परळमध्ये आज एखादी धुराडी शिल्लक दिसते, ती मॉलच्या पार्किंगची खूण म्हणून.

फोर्टमधल्या जुन्या इमारतींत मोठ्या कंपन्यांची दुकाने का आली, याचे एक कारण १९९९ च्या भाडे कायद्याच्या कलम ३ मध्ये सापडते. बँका, सरकारी कंपन्या आणि १ कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना कायद्याचे संरक्षण नाही, म्हणून त्यांच्याकडून बाजारभावाने भाडे मिळते. हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये २०१२ मध्ये स्टारबक्स आणि फ्लोरा फाउंटनच्या इस्माईल बिल्डिंगमध्ये २०१७ मध्ये झारा आले, तेव्हा नाके मुरडली गेली. पण त्या भाड्यातूनच दगड धुतले जातात, लाकूड बदलले जाते. माझी शंका वेगळी आहे. फॅशनचे दुकान पाच-दहा वर्षांनी हलते, आणि प्रत्येक नवा भाडेकरू आधीच्याची सजावट उखडताना भिंतीला चार भोके जास्त पाडतो. पोलीस मुख्यालय, जुन्या यॉट क्लबमध्ये बसलेला अणुऊर्जा विभाग, एखादा दप्तरखाना, एखादे महाविद्यालय, असे कंटाळवाणे रहिवासी कॅफेपेक्षा इमारतीला अधिक मानवतात, असे शहराचा इतिहास पाहता म्हणावेसे वाटते. त्यांच्यावर वर्तमानपत्रात लेख येत नाहीत, एवढाच त्यांचा तोटा. आणि व्हरांड्यात स्टीलची कपाटे रचण्याची सरकारी सवय हा दुसरा.

पर्यावरणाचा मुद्दा इथे थोडक्यात पुरे. सिमेंटसाठी एक टन क्लिंकर (सिमेंट दळण्याआधीचे भाजलेले खडे) भाजताना ०.८ टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. उभ्या भिंतींत खर्ची पडलेली ऊर्जा खर्च होऊन गेलेली आहे. ती भिंत पाडून नवी उभारली की तोच खर्च दुसऱ्यांदा होतो आणि वर ट्रकभर राडारोडा कुठे टाकायचा हा प्रश्न उरतो. जाड भिंती, उंच छत आणि समोरासमोरच्या खिडक्या असलेल्या खोलीला वातानुकूलनही कमी लागते, अर्थात नव्या रहिवाशाने खोटे छत लावून आणि खिडक्या बुजवून ते सगळे घालवले नाही तर.

आता पुढची मोठी कसोटी पूर्व किनाऱ्यावर आहे. गोदी परिसरात भाऊच्या धक्क्यापासून शिवडीपर्यंत जुनी गोदामे आहेत, एकमजली, रुंद, मजबूत पायाची. २०१७ मध्ये ससून डॉकच्या एका गोदामात काही आठवडे कलाप्रदर्शन भरले आणि कोळणींच्या कोलंबी सोलण्याच्या जागेशेजारून शहर तिथे चालत गेले. असा तात्पुरता वापर स्वस्तात बरेच काही शिकवतो: माणसे कुठून येतात, पाणी कुठे साचते, आधीच काम करत असलेल्यांना कसली अडचण होते. पण गोदाम कायमचे कोणाला द्यायचे झाले, की करार लिहावा लागतो. तीन वर्षांच्या करारावर कोणीही छप्परावर पैसे घालत नाही आणि नव्व्याण्णव वर्षांच्या करारावर मालकाचा शब्द चालत नाही. पंधरा-वीस वर्षांची मुदत, भाड्यातला ठरावीक हिस्सा इमारतीच्या नावाच्या वेगळ्या खात्यात, त्या खात्यातून दरवर्षी मे महिन्यात पन्हळी, नळ आणि छप्पर यांची तपासणी, आणि ती झाली नाही तर करार मोडण्याचा अधिकार, एवढी कलमे लिहायला वकिलाला अर्धा दिवस पुरतो.